बेड नंबर १४ चं पुढे काय झालं?

दोन पावसाळ्यांपूर्वी बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, अकरा दिवस मुक्काम पडला. डिस्चार्जचा दिवस कसा असतो हे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी नऊला डॉक्टर राउंडला आले, ‘आज घरी सोडू’ म्हणाले, आणि मेडिक्लेमची मंजुरी येऊन बिल हातात पडेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच वाजले. फाइल, एक्स-रेची ती लांबरुंद पिशवी, वॉकर, घरून नेलेली उशी, थर्मास. लिफ्टपर्यंत व्हीलचेअर ढकलत आणणाऱ्या मामांच्या हातात भावाने शंभराची नोट कोंबली आणि आम्ही सुटलो. ज्या सिस्टरनी अकरापैकी सहा रात्री बाबांना कुशीवर वळवलं होतं, त्यांची रात्रपाळी सुरू व्हायला अजून अडीच तास होते.

दीड महिन्याने फॉलोअपला गेलो. बाबा तोवर वॉकर टाकून काठीवर आले होते. तपासणी झाल्यावर म्हणाले, ‘चौथ्या मजल्यावर डोकावून येऊ.’ त्या सिस्टर त्या आठवड्यात सकाळपाळीला होत्या, हातात इंजेक्शनचा ट्रे. त्यांनी बाबांकडे बघितलं, ओळख पटेना. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा बाबांकडे, आणि म्हणाल्या, ‘बेड नंबर चौदा! आजोबा, तुम्ही एवढे उंच आहात होय?’

रात्रपाळीच्या त्यांना बाबा फक्त आडवेच माहीत होते.

बाबांनी हात जोडले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, ‘तिसऱ्या रात्री तुम्ही दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी लावून दिलीत बघा, त्या रात्री पहिल्यांदा तीन तास सलग झोप लागली.’ सिस्टरनी मागे वळून एका नव्या मुलीला हाक मारली. ‘ऐकलंस? उशी मांडीखाली नाही, मधे. काय सांगत होते मी तुला?’

त्या अर्ध्या मिनिटात नेमकं काय घडलं, ते मला या लेखात उलगडून सांगायचंय.

बरा झालेला माणूस परत येत नाही

आभार मानणं म्हणजे रीतभात, असं आपण धरून चालतो. दवाखान्यात मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे: ती बातमी असते. शिंप्याला शर्ट अंगात बसला की नाही ते समोर दिसतं. आचाऱ्याला पंगतीत भात दुसऱ्यांदा मागितला गेला की कळतं. हॉस्पिटलात याच्या नेमकं उलट चालतं. ज्याचं काम चांगलं झालं तो घरी जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. परत कोण येतं? ज्याच्या टाक्यांत पू झाला तो, ज्याचा ताप उतरला नाही तो, आणि ज्याला बिलात दोनदा लावलेल्या ग्लोव्ह्जबद्दल भांडायचंय तो. म्हणजे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरून आपल्या कामाच्या फसलेल्या बाजूचाच नमुना जास्त जातो. शंभरातले नव्वद ठणठणीत झाले असले तरी त्या नव्वदांची खबर द्यायला कुणी येत नाही.

त्यात हल्लीची रुग्णसेवा तुकड्यातुकड्यांत विभागलेली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी वीस सेकंदांत वाचला आणि त्याला वर पाठवलं. पुढे तो वाचला की गेला? डॉक्टरला कळत नाही, कारण तोवर रिक्षातून दुसरा उतरलेला असतो. आयसीयूतल्या सिस्टर ज्याला बेशुद्धीत सांभाळतात, तो शुद्धीवर आला की वॉर्डात जातो, आणि त्याच्या आठवणीत सिस्टर राहतात त्या वॉर्डातल्या. लॅबमधल्या टेक्निशियनला तर माणूस दिसतच नाही, दिसते ती बारकोड लावलेली नळी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मुंब्रा-दिव्यापासून पार शहापूर-मुरबाडपर्यंतचे पेशंट येतात. मुरबाडचा माणूस बरा होऊन शेतावर गेला, की त्याची खुशाली त्या वॉर्डाला कोण कळवणार?

म्हणून ‘ती उशी मधे लावलीत आणि झोप लागली’ हे वाक्य सिस्टरच्या दृष्टीने एका प्रयोगाचा निकाल होतं. त्यांनी तो लगेच पुढच्या मुलीला शिकवायला वापरला, हे मी समोर उभं राहून पाहिलं.

थकवा वेगळा, बर्नआउट वेगळा

आता जरा शास्त्र. बर्नआउट हा शब्द आपण ‘कंटाळा आलाय’ इतक्या सैलपणे वापरतो, पण त्याला ठरलेला अर्थ आहे. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुझान जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली तयार केली, आजही तीच सगळ्यात जास्त वापरतात. त्यांच्या मांडणीत बर्नआउटचे तीन धागे आहेत. पहिला, मनाने पार रिकामं होणं. दुसरा, समोरच्या माणसातला माणूस दिसेनासा होणं: ‘कावीळवाले काका’ याच्या जागी ‘बेड सहावरचं लिव्हर’ असं तोंडातून यायला लागणं. तिसरा, ‘माझ्या कामाने कुणाचं काही भलं होतंय’ ही जाणीवच विरून जाणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आजार म्हटलं की उपचार त्या माणसावर करायचे असतात आणि अवस्था म्हटलं की कामाच्या जागेकडे बघावं लागतं.

पहिल्या धाग्याला, म्हणजे निव्वळ दमणुकीला, तुमच्या-माझ्या आभारांनी काडीचाही फरक पडत नाही. डोंबिवलीहून पहाटे निघून ठाण्याला दहा नंबरवरून वाशी लोकल पकडणारी, आठच्या पाळीला तुर्भ्याच्या पुढे पोचणारी नर्स दमलेली असते ती असतेच. तिला झोप हवी, सुट्टी हवी, पाळीवर आणखी दोन माणसं हवीत. आभार पोचतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या धाग्यापर्यंत. बेड चौदा उभा राहून ‘मी अमुक, मी आता काठीवर चालतो’ म्हणतो तेव्हा नंबराचा पुन्हा माणूस होतो.

नुसता चेहरा दिसण्यानेही काय होतं, याचा एक मजेदार प्रयोग जेरुसलेममध्ये झाला होता. येहोनातन टर्नर या तरुण रेडिओलॉजिस्टने सीटी स्कॅनच्या फाइलला पेशंटचा फोटो जोडून दिला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. फोटो असताना स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनी अधिक बारकाईने अहवाल लिहिले. ज्यासाठी स्कॅन काढला नव्हता अशा, सहज नजरेला पडलेल्या गोष्टीही त्यांनी टिपल्या. तेच स्कॅन तीन महिन्यांनी फोटोशिवाय पुन्हा दाखवल्यावर त्यातल्या बऱ्याच गोष्टी निसटल्या.

याहून थेट पुरावा अरिए रिस्किन या इस्रायली नवजात शिशुतज्ज्ञाच्या गटाचा आहे, आणि मला तो सगळ्यात पटतो, कारण त्यांनी नाण्याच्या दोन्ही बाजू तपासल्या. आधी उद्धटपणा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ टीमना एक सराव-प्रसंग दिला: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती आतड्याच्या आजाराने अचानक ढासळते, आता काय कराल? काही टीमना सुरुवातीला एका ‘परदेशी तज्ज्ञा’कडून टोचून बोललेलं ऐकवलं. वैयक्तिक शिवीगाळ नव्हे, तुमच्या इथलं वैद्यकशास्त्र काही खास नाही, अशा थाटाचं. एवढ्यानेही त्या टीमचं निदान आणि हातातलं काम दोन्ही घसरलं. का घसरलं, तर माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली आणि मदत मागेनाशी झाली.

मग २०१९ मध्ये उलटी बाजू. ४३ टीम, प्रत्येकीत दोन डॉक्टर आणि दोन नर्स. काहींना अशाच विभागात ज्यांचं बाळ वाढलं त्या आईचे आभार पोचवले, काहींना एका तज्ज्ञ डॉक्टरचे आभार, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. आईचे आभार ऐकलेल्या टीमनी सरावात सरस काम केलं. फरक डोंगराएवढा नव्हता, पण होता. आणि त्याचं कारणही तेच निघालं: ती माणसं एकमेकांशी जास्त बोलली, दिसलेलं सांगून टाकलं, शंका मनात ठेवल्या नाहीत.

इथे क्षणभर थांबायला हवं. आपल्याला वाटतं आभाराने डॉक्टर ‘खूश’ होतो आणि खूश होऊन जास्त राबतो. प्रयोग सांगतो ते वेगळं आहे. चार माणसांच्या मधली हवा मोकळी होते. ज्युनिअर सिस्टर ‘सर, मला बाळाचं पोट जरा फुगलेलं वाटतंय’ हे म्हणायला कचरत नाही. अतिदक्षता विभागात कधीकधी सगळा खेळ त्या एका वाक्यावर असतो. म्हणजे तुम्ही आज मानलेल्या आभारांचा लाभार्थी बहुधा उद्या तुमच्या बेडवर येणारा अनोळखी पेशंट असतो.

मग आपण गप्प का बसतो?

एक कारण जगभर सारखं आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं, समोरच्याला कसं वाटेल? लिहिणाऱ्यांना वाटलं, त्याला अवघडल्यासारखं होईल. पत्र मिळालेल्यांना विचारलं तर त्यांना अवघडलेपण फारसं नव्हतं, आनंद मात्र लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त झाला होता. आपण शब्द बरोबर सुचतील का याची काळजी करत बसतो. वाचणारा फक्त मायेकडे बघतो.

दुसरं कारण अस्सल आपलं. मराठी घरात ‘थँक्यू’ म्हटलं की मावशी म्हणते, ‘परकी समजतेस का गं मला?’ जवळच्याचे आभार मानले तर अंतर पडतं, अशी आपली समजूत. आणि हॉस्पिटलात नाती लगेच जुळतात: आयाबाई ‘मावशी’, वॉर्डबॉय ‘मामा’, नर्स ‘सिस्टर’. आता मावशी-मामांचे कुठे आभार मानतात! त्यामुळे ज्यांच्याशी सगळ्यात जास्त संबंध आला तेच आभारांतून सुटतात. १ जुलैला डॉक्टर्स डे, बिधानचंद्र रॉय यांच्या नावाने केक कापला जातो. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, तेव्हा नर्सेस डे. बेडपॅन उचलणाऱ्या मावशींचा दिवस कॅलेंडरात मला तरी सापडलेला नाही.

आभार मानायचेच झाले तर आपण एकदम दुसऱ्या टोकाला जातो: ‘डॉक्टर, तुम्ही देव आहात.’ या वाक्याची मला खरंच भीती वाटते. देवाला चूक माफ नसते. ‘देव आहात’ म्हणणारी गर्दी आणि कॅज्युअल्टीची काच फोडणारी गर्दी यांच्यात कधीकधी फक्त एका मृत्यूचं अंतर असतं. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याचा फलक बऱ्याच दवाखान्यांत नोंदणीच्या खिडकीशेजारी दिसेल. शिवाय ‘देव आहात’मध्ये बातमी काहीच नाही. कशाने बरं वाटलं, कोणत्या रात्री, कुणाच्या हाताने? उशीची गोष्ट त्यात बसत नाही.

असाच प्रकार २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता झाला. आमच्या सोसायटीत सगळ्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, मीही पातेलं वाजवलं, डोळे भरून आले होते हे खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवसांत देशभरात नर्स आणि डॉक्टर भाडेकरूंना ‘घर सोडा’ म्हणणारेही होते, इतके, की एप्रिलमध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम निघाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना त्रास देणं अजामीनपात्र गुन्हा झालं. सगळ्यांचे एकदम मानलेले आभार कुणाच्याच पदरात नीट पडत नाहीत. त्यानंतर बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात उभ्या केलेल्या कोविड सेंटरांतून किती माणसं चालत घरी गेली. पीपीई किटवर स्केचपेनने नाव लिहून फिरणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला आठवतंय का? मला नाही आठवत, आणि माझा सख्खा मावसभाऊ तिथे नऊ दिवस होता.

नोट नको, चिठ्ठी

त्या शंभराच्या नोटेबद्दल बोलायला हवं. बाळंतपणाच्या वॉर्डात ‘मुलगा झाला, खुशी द्या’ हे कुणी ऐकलेलं नाही? ती खुशी नसते, तो दर असतो, आणि न देणाऱ्याच्या बाळंतिणीला गरम पाणी उशिरा मिळतं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात तर हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचा मामला आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही त्यात अडकू शकतो. भावाला मी तेव्हा काही बोलले नाही. मामांचा पगार किती असेल या विचाराने माझीही जीभ उचलली नव्हती. पण पैसे देताना आपण नकळत सांगतो, ‘हिशेब मिटला.’ पेढ्यांचं वेगळं. पेढे वॉर्डात सगळ्यांत वाटले जातात, रात्रपाळीसाठी डबा झाकून ठेवला जातो, आणि ‘कुणाकडून?’ या प्रश्नाला ‘ते चौदा नंबरवाले’ असं उत्तर मिळतं. प्रशांत कॉर्नरचा मिठाईचा डबा न्या नाहीतर घरच्या बेसनवड्या न्या, त्यासोबत एक चिठ्ठी असू द्या.

चिठ्ठीत काय लिहायचं? तारीख, वॉर्ड, पेशंटचं नाव, आणि एक प्रसंग. मोठमोठी विशेषणं नकोत. ‘५ तारखेच्या रात्री सलाईन लावायला शीर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा टोचण्याआधी तुम्ही आईला विचारलंत, पाणी पिऊन घेता का, हात चोळून गरम केलात’ एवढं लिहिलं तरी भरून पावतं. नंतर माणूस कसा आहे ते एका ओळीत: पोळी खातो, जिना चढतो, नातवाला शाळेत सोडतो. ज्याचे आभार मानायचेत त्याच्या वरच्याला कळेल असं लिहा, कारण कंत्राटावरच्या मुलीसाठी मेट्रनच्या टेबलावरचा कागद मोलाचा असतो. डिस्चार्जच्या गोंधळात जमलं नाही तर महिन्याने लिहा. उलट तेव्हाच्या चिठ्ठीत बातमी जास्त असते. आणि पाळी बदलायच्या वेळी, एकीकडून दुसरीकडे पेशंट सोपवत असताना, गप्पा मारायला उभं राहू नका. तेव्हा त्यांच्या डोक्यात वीस जणांचे डोस असतात.

तक्रार असेल तर आभार थांबवायचे का? मुळीच नाही. आमची बिलाची तक्रार होती आणि ती आम्ही लेखी केली. त्याच हॉस्पिटलातल्या सिस्टरचे आभारही लेखी मानले. दोन्ही खरं होतं. मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्या: नीट वागणूक मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, आभार ही त्याची किंमत नाही. ज्याला बोलायला सुचत नाही, भाषा येत नाही, जो भेदरलेला आहे, त्याची मलमपट्टी तितक्याच हळुवारपणे व्हायला हवी. आणि ज्या व्यवस्थापनाला भिंतीवर आभाराची कार्डं लावली की नर्सच्या रिकाम्या जागा भरल्यासारखं वाटतं, त्याच्याशी नर्सेसनी भांडलंच पाहिजे.

सगळ्यात अवघड आभार माणूस गेल्यावरचे. आमच्या ऐरोलीच्या ओळखीच्या एका काकांची बायको कॅन्सरने गेली. महिन्याभराने ते उरलेली न फोडलेली डायपरची पाकिटं आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन वॉर्डात गेले, कुणा गरजूला द्या म्हणाले. जाताना सिस्टरना इतकंच सांगितलं, ‘शेवटच्या दिवशी तुम्ही तिची वेणी घातलीत, तिला मोकळे केस आवडत नसत.’ काका सांगतात, सिस्टर म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं तुमचं लक्षच नव्हतं.’ अशा वेळी बऱ्याच नर्स आणि डॉक्टर आपण कुठे कमी पडलो हेच घोळवत राहतात. कुटुंबाने येऊन ‘वेणी घातलीत’ म्हणणं त्या घोळण्याला कुठेतरी टेकू देतं.

बाबांच्या बाबतीत राहिलेलं एवढंच. त्या फॉलोअपच्या दिवशी खाली रिसेप्शनवर मी वही मागितली. मुलीने तक्रार वही पुढे केली आणि सावध होऊन विचारलं, ‘काय झालं मॅडम?’ म्हटलं, चांगलं लिहायचंय. तिने वही मागूनपुढून चाळली. त्यात रकाने चारच: तारीख, नाव, तक्रारीचं स्वरूप, केलेली कार्यवाही. शेवटी ‘तक्रारीचं स्वरूप’ याखालीच बाबांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात उशीची हकिगत लिहिली. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रेला गेलो तेव्हा मी गंमत म्हणून वही उघडून ते पान काढलं. आमच्या ओळीपुढे, ‘केलेली कार्यवाही’च्या रकान्यात, कुणीतरी निळ्या पेनने लिहिलं होतं: ‘सिस्टरना वाचून दाखवले.’ खाली सही.